जर्मन पगारातून एवढी कपात का? शंभर वर्षांपूर्वीच्या कामगार आजी-आजोबांची गोष्ट

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग, वायरिंग, ड्रायव्हिंग शिकलेल्या मुलामुलींच्या घरांत जर्मनीतल्या पगाराची चर्चा रंगते. आकडा ऐकून घरचे खूश होतात. मग हातात किती पडणार हे कळतं आणि चेहरे उतरतात. आयकर बाजूलाच राहिला, त्याआधीच एकूण पगाराचा साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. 'सरकार एवढं घेतं?' हा पहिला प्रश्न असतो.

खरं म्हणजे हे पैसे सरकारी तिजोरीत जात नाहीत, आणि ही कपात कुणा आजच्या अर्थमंत्र्याच्या डोक्यातून निघालेली नाही. आजच्या जर्मन म्हाताऱ्यांचे आजी-आजोबा कारखान्यात, खाणीत, परक्याच्या स्वयंपाकघरात राबत होते, तेव्हापासून ती चालू आहे. त्यांचं आयुष्य समजलं की पगारपत्रक आपोआप समजतं.

कपात नेमकी कशाची?

चार गोष्टींची. म्हातारपणाची पेन्शन (१८.६ टक्के), आजारपण (१४.६ टक्के आणि वर प्रत्येक आरोग्य विमा संस्थेचा थोडा जादा दर), बेकारी (२.६ टक्के) आणि अंथरुणाला खिळल्यावर लागणारी शुश्रूषा. यातला साधारण अर्धा भाग कामगार भरतो, अर्धा मालक. पाचवा विमा पगारपत्रकावर दिसतच नाही: कामावरच्या अपघाताचा. त्याचा सगळा हप्ता मालकाच्या माथी, आणि तोही १८८४ पासून.

या सगळ्याला मिळून सामाजिक विमा म्हणतात. हप्ता सक्तीचा, पण बदल्यात मिळतो तो हक्क. कुणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो. तेव्हाच्या गरिबाला तो किरकोळ नव्हता, कारण नगरपालिकेची गरीब-मदत घेतली की जर्मनीत मतदानाचा हक्कच जायचा.

दोन माणसं धरू

हिशेबासाठी एक काल्पनिक जोडपं घेऊ. आजोबा १८८५ मध्ये जन्मले, बर्लिनमध्ये. आजी १८८८ ची, पूर्वेकडच्या सायलेशियातल्या खेड्यातली. आजोबांची शाळा चौदाव्या वर्षी संपली, तशी बहुतेक कामगारांच्या पोरांची संपायची. आठ वर्षं प्राथमिक शाळा, चर्चमधला दीक्षाविधी, आणि दुसऱ्या दिवसापासून काम. १८९९ मध्ये ते लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. दिवसाला दहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस, हे तेव्हा बऱ्यापैकी मानलं जायचं. कापड गिरण्यांमध्ये अकरा तास सर्रास होते. सॅक्सनीतल्या क्रिमित्शाउ गावात १९०३ मध्ये गिरणी कामगारांनी, त्यातही मोठ्या संख्येनं बायकांनी, दहा तासांच्या दिवसासाठी संप केला. घोषणा होती: एक तास आमच्यासाठी, एक तास आमच्या कुटुंबासाठी, एक तास जगण्यासाठी. पाचेक महिने झुंजून संप मोडला. आठ तासांचा दिवस यायला १९१८ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, तोही पहिलं महायुद्ध हरल्यावर आणि बादशहा पळाल्यावर.

आजी सोळाव्या वर्षी मोलकरीण म्हणून बर्लिनला आल्या. मोलकरणीला कामाचे तास नसत. झोपायला 'टांगता माळा': स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या वर छताखाली काढलेली फळी, शिडीनं चढायचं, वर ताठ बसताही येत नाही. घरगुती नोकरांसाठी वेगळे कायदे होते, आणि न सांगता काम सोडून गेलेल्या नोकराला पोलिसांकरवी परत आणता येई. हे कायदेही १९१८ च्या नोव्हेंबरातच रद्द झाले.

ही माणसं राहत कुठे?

बर्लिनची वस्ती १८७१ मध्ये आठ लाखांच्या वर होती, १९१० मध्ये वीस लाखांच्या. एवढी माणसं राहिली 'भाड्याच्या बराकीं'त. रस्त्यावरून पाहिलं तर दर्शनी भाग देखणा, नक्षीबिक्षी केलेली. आत शिरलं की चौक, त्यामागे इमारत, पुन्हा चौक, पुन्हा इमारत. वेडिंग भागातल्या मायर्स होफ या प्रसिद्ध बराकीत असे सहा चौक एकामागे एक होते आणि गर्दीच्या काळात तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. चौकाचं किमान माप १८५३ च्या नियमात ठरलेलं होतं: ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर. का, तर आगीचा बंब तेवढ्यात वळतो. ऊन खालच्या मजल्यावर पोचतं का, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नव्हता.

कामगाराचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. संडास जिन्याच्या अर्ध्यावर किंवा चौकात, अनेक कुटुंबांत मिळून एक. भाडं परवडावं म्हणून रात्रपाहुणे ठेवायचे. हे पाहुणे खोली नव्हे, फक्त पलंग भाड्यानं घेत. काही तर रात्रपाळीचे, सकाळी घरातली माणसं उठली की त्याच गादीवर आडवे होणारे. सगळ्यात गरीब कुटुंबं नव्या इमारतीत आधी राहायला जात. ऐकायला छान, पण त्यांना जवळजवळ फुकट ठेवलं जायचं ते भिंतींचा ओला चुना त्यांच्या श्वासानं आणि शेगडीनं सुकावा म्हणून. भिंती सुकल्या की बिऱ्हाड उचलायचं आणि पुढच्या ओल्या घरात जायचं. क्षय कुठून येतो, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता.

पश्चिमेकडच्या रूर या कोळशाच्या खोऱ्यातल्या खाणकामगारांचं जरा वेगळं. त्यांना खाणमालकाच्या वसाहतीत घर, मागे परसू, परसात बटाटे आणि एक शेळी. शेळीला तिथे 'खाणकामगाराची गाय' म्हणत. हवा मोकळी, पण नोकरी गेली की घरही गेलं. आणि मजुरीतली एक चालबाजी पाहा. कोळशाच्या वाघिणीत दगड जास्त आहेत असं मुकादमाला वाटलं, की ती अख्खी वाघीण शून्य धरायची. कोळसा मालकाला, पैसे कुणालाच नाहीत. १९०५ मध्ये रूरमध्ये दोनेक लाख खाणकामगार संपावर गेले, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

मग पेन्शनचा हप्ता भरत कसा?

१८९१ मध्ये अपंगत्व आणि वार्धक्याच्या पेन्शनचा कायदा लागू झाला. तेव्हापासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक मजुराकडे, मोलकरणीकडेही, एक पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. त्यावर चौकोन आखलेले. दर आठवड्याला मालकानं एक तिकीट विकत घेऊन त्यातल्या एका चौकोनात चिकटवायचं, टपालाच्या तिकिटासारखंच दिसणारं. मजुरीनुसार चार वर्ग: १४, २०, २४ आणि ३० फेनिग. (शंभर फेनिगचा एक मार्क.) अर्धी किंमत मालकाची, अर्धी मजुरातून कापायची. आजचं अर्ध-अर्ध तिथून आलंय. लोक या कायद्याला 'चिकटवायचा कायदा' म्हणून हिणवत.

कामगारांना या कार्डाची भीती होती, आणि ती गैर नव्हती. मालकानं कार्डावर खूण करून ठेवली, 'हा संपकरी आहे', तर पुढे काम कोण देणार? म्हणून कामगाराच्या वागणुकीबद्दल कार्डावर काहीही लिहायला कायद्यानंच बंदी घातली. भरलेलं कार्ड विमा कार्यालयात जमा करायचं आणि नवं घ्यायचं. अशी कार्डं आयुष्यभर साठत जायची.

'पासष्टीपर्यंत जगत तरी कोण होतं?'

हा आक्षेप हमखास येतो. पेन्शनचं वय ६५ ठेवलं कारण तेवढं कुणी जगतच नव्हतं, अशी कथा सगळीकडे फिरते. ती दोन ठिकाणी चुकते.

पहिलं म्हणजे वय ६५ नव्हतंच, ७० होतं. ते ६५ वर आलं १९१६ मध्ये, भर युद्धात. दुसरं, १९०१ ते १९१० या काळात जर्मनीत पुरुषाचं सरासरी आयुर्मान पंचेचाळीसच्या आसपास भरतं खरं, पण ती सरासरी तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी खाली ओढलेली आहे. शतकाच्या सुरुवातीला पाचातलं एक मूल वर्षाच्या आत जायचं. जो विशीत पोचला, तो पंचेचाळिसाव्या वर्षी मरून पडत नव्हता.

तरी आक्षेपात तथ्य आहेच. लोखंडात किंवा कोळशात राबलेला माणूस सत्तरी क्वचित गाठायचा, आणि गाठली तरी सुरुवातीची वार्षिक पेन्शन १०६ ते १९१ मार्कांच्या घरात होती, जेव्हा कारखान्यातला कामगार वर्षाला सातशे-आठशे मार्क कमवायचा. यात कुणाचं घर चालेल? पण ही योजना मुळात म्हातारपणासाठी नव्हतीच. कायद्याच्या नावातच आधी 'अपंगत्व' आणि मग 'वार्धक्य' होतं. पन्नाशीत फुप्फुसं गेलेल्या, पाठ मोडलेल्या माणसाला मिळणारी पेन्शन हा तिचा गाभा होता. पहिली काही वर्षं सोडली तर वृद्धांपेक्षा अपंगत्वाची पेन्शन घेणारेच कितीतरी जास्त होते.

यातून एक मजेशीर गोष्ट घडली. क्षयाच्या रोग्याला आयुष्यभर पेन्शन द्यायची की त्याला वेळेत बरं करून कामावर धाडायचं? पेन्शन संस्थांनी हिशेब केला आणि दवाखाने बांधायला घेतले. बर्लिनच्या पेन्शन संस्थेनं १८९८ पासून शहराबाहेर बेलित्सच्या पाइनच्या जंगलात प्रचंड आरोग्यधाम उभारलं. चौकातल्या अंधारात वाढलेल्या कामगाराला तिथे महिनोन्महिने स्वच्छ हवा, दूध आणि आराम मिळायचा. आजही जर्मनीत कामगाराला पुन्हा उभं करण्याच्या उपचारांचा खर्च अनेकदा पेन्शन विमा करतो. भारतातून गेलेल्यांना याचं फार नवल वाटतं.

आजारपणाच्या विम्यालाही घराघरात डोकवावं लागलं. रजेवरचा रोगी खरंच घरी पडून आहे का, हे बघायला निरीक्षक जायचे. बर्लिनमधल्या अशा एका संस्थेनं १९०३ पासून त्या घरांचे फोटोच काढून छापले: एका पलंगावर खोकणारी आई आणि तिच्या कुशीत निरोगी मूल. घरमालक संघटना भयंकर चिडल्या. त्या फोटोंमुळेच आज आपल्याला ती घरं आतून दिसतात.

बिस्मार्कला गरिबांचा कळवळा होता का?

कळवळ्यापेक्षा धसका जास्त होता. चॅन्सेलर बिस्मार्कनं १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं यांवर बंदी घातली आणि १८८३, १८८४, १८८९ असे तीन विमा कायदे आणले. एका हातात छडी, दुसऱ्यात खाऊ. सरकारकडून पेन्शन मिळाली तर कामगार सरकारशी भांडणार नाही, असा डाव. समाजवादी खासदारांनी तिन्ही कायद्यांच्या विरोधात मत दिलं.

डाव उलटला. आजारपणाच्या विम्यात कामगार दोन तृतीयांश हप्ता भरत, म्हणून त्या संस्थांच्या कारभारातही दोन तृतीयांश जागा त्यांच्या. लेदकाम करणारा, छपाई करणारा माणूस तिथे ताळेबंद वाचायला, डॉक्टरांशी करार करायला शिकला. समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांची ती शाळाच झाली. १९१२ मध्ये हा पक्ष ३४.८ टक्के मतं घेऊन संसदेतला सगळ्यात मोठा पक्ष बनला.

एवढे हप्ते भरले, मग पैसे गेले कुठे?

युद्धात. १९१४ मध्ये आमचे हे आजोबा एकोणतीस वर्षांचे. त्यांना आपण जिवंत परत आणू, पण जवळपास वीस लाख जर्मन सैनिक परतले नाहीत. घरी आजी रेशनच्या रांगेत. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक गेलं आणि एरवी जनावरांना घालतात ते सलगमाच्या जातीचे कंद माणसांच्या ताटात आले: त्याचं सूप, त्याचा मुरंबा, पावातही तेच, कॉफीच्या नावाखालीही तेच. त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे जन्मभर तो कंद घरात आणू दिला नाही.

सरकारनं युद्ध लढलं ते मुख्यतः कर्ज काढून. विमा संस्थांचा निधी मोठ्या प्रमाणात सरकारी रोख्यांतच गुंतलेला. मग १९२३ आलं. जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर खोऱ्यात शिरल्या, जर्मन सरकारनं तिथल्या कामगारांना असहकारासाठी पगार देत नोटा छापल्या, आणि चलन कोसळलं. युद्धाआधी डॉलरला ४.२ मार्क पडायचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. पगार रोजच्या रोज, कधी दिवसातून दोनदा, आणि बायका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या, नोटा घेऊन दुकानाकडे धावायला, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदलायचा. नवा मार्क आला तेव्हा त्याची किंमत ठरली जुने एक लाख कोटी. तीस वर्षं चिकटवलेल्या तिकिटांतून साठलेला निधी जवळजवळ शून्य झाला.

निधी बुडाला तर पेन्शन कशी वाचली?

इथे या विषयातला एकमेव अवघड मुद्दा येतो. भिशी आठवा. भिशीत पैसा कुठे साठून राहत नाही. या महिन्यात सगळ्यांनी घातलेले पैसे याच महिन्यात एकाच्या हाती जातात. १९२३ नंतर जर्मन पेन्शन बहुतांशी तशीच चालू लागली. आज काम करणाऱ्यांचे हप्ते घ्यायचे आणि आजच्याच म्हाताऱ्यांना वाटायचे. तिजोरी रिकामी होती, पण कारखान्यांची धुराडी पेटलेली होती आणि मजुरी नव्या चलनात मिळत होती, म्हणजे हप्तेही येत होते. बँकेत पै-पै साठवलेला दुकानदार नागवला गेला. कार्डवाल्या कामगाराचा हक्क, तुटपुंजा का होईना, शिल्लक राहिला.

याची दुखरी बाजूही लगेच दिसली. १९२७ मध्ये बेकारीचा विमा आला, मजुरीच्या तीन टक्के हप्त्याचा, आठ लाख बेकारांना पुरेल अशा अंदाजानं. १९३२ च्या सुरुवातीला बेकार होते साठ लाखांच्या वर. हप्ते भरणारे कमी, घेणारे अफाट. हप्ता थोडा वाढवायचा की नाही, या वादावर मार्च १९३० मध्ये सरकारच पडलं, आणि त्यानंतर वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे बादशहा गेल्यापासून हिटलर येईपर्यंतच्या जर्मन लोकशाहीत, संसदेच्या बहुमतावर चालणारं सरकार पुन्हा आलं नाही. नंतरच्या सरकारांनी भत्ता कापत नेला. आजोबा सत्तेचाळीस वर्षांचे, रोजगार कार्यालयात रांग लावून कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि घरी यायचं.

'पण हिटलरनं कामगारांचं भलं केलं ना?'

असं म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. विम्यापुरतं बघू. २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन नेत्यांना अटक झाली. त्याआधी दहा दिवस ज्यू आणि कम्युनिस्ट डॉक्टरांना आजारपण विम्यातून काढायचा हुकूम निघाला होता. पुढच्या वर्षी कामगारांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा कारभार संपला. मंदीत कापलेली पेन्शन लगेच भरून दिली नाही. संस्थांकडे पुन्हा साठू लागलेला पैसा सरकारी रोख्यांत, म्हणजे शस्त्रांत, वळवला. तो १९४५ मध्ये दुसऱ्यांदा बुडाला.

आजोबांना शेवटी काय मिळालं?

१९५० मध्ये आजोबा पासष्ट वर्षांचे झाले. ते पश्चिमेकडच्या भागात राहत असतील, तर पहिली काही वर्षं अगदीच फाटकी पेन्शन मिळाली असेल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनावर यांच्या सरकारनं नियम बदलला: पेन्शन जुन्या मार्कांच्या आकड्याला न बांधता चालू मजुरीच्या पातळीशी जोडली, आणि मजुरी वाढेल तशी वाढवायची ठरवली. कामगारांच्या पेन्शनी एका फटक्यात साठ टक्क्यांहून जास्त वाढल्या. आजोबा तेव्हा बहात्तर. साठवणीचा नव्हे तर चालू हप्त्यांचा हा पाया त्याच कायद्यानं अधिकृत केला, आणि आजचा १८.६ टक्क्यांचा हप्ता त्याच पायावर उभा आहे. हप्ते भरणारे कमी होतायत आणि म्हातारे वाढतायत, म्हणून निवृत्तीचं वय २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्यानं ६७ वर नेलं जातंय, आणि म्हणूनच पुण्या-नागपूरच्या मुलांची तिथे गरज आहे. उपकार दोन्ही बाजूंनी आहेत.

आणि आजींना?

फार थोडं. १९०४ ते १९१० त्या मोलकरीण होत्या आणि त्यांच्या कार्डावर तिकिटं चिकटत होती. पण लग्न करणाऱ्या बाईला एक सवलत होती: किमान ठरावीक आठवडे भरले असतील तर आपल्या वाट्याचे हप्ते परत मागता येत. २० फेनिगचं तिकीट धरलं तर सहा वर्षांचे तीसेक मार्क. त्यात भांडी-चादरी आल्या आणि पेन्शनचा हक्क गेला. पुढे घरी बसून शिवणकामाचे नगावर पैसे, धुणी, रात्रपाहुण्यांचं करणं, या कशालाच बहुधा कुणी तिकीट लावलं नाही. नवरा गेला असता तरी १९११ च्या कायद्यानुसार कामगाराच्या विधवेला पेन्शन मिळे, पण ती बाई स्वतः काम करायला असमर्थ असेल तरच. त्याच वर्षी कारकुनांसाठी वेगळा कायदा झाला आणि कारकुनाच्या विधवेला मात्र अशी काही अट नव्हती. पश्चिम जर्मनीत हा भेद १९४९ पासून संपत गेला. लग्नाच्या वेळी हप्ते परत देण्याची ती सवलत मध्येच बंद होऊन नाझी काळात परत आली आणि थेट १९६७ पर्यंत टिकली. म्हातारपणी पस्तावलेल्या बायका त्यामुळे पुढच्या पिढीतही खूप निघाल्या.

थोडी वर्षं काम करून भारतात परतणाऱ्यांपुढे काही अटींवर आजही असाच पर्याय येतो. परत मिळतो तो फक्त कामगाराचा हिस्सा, मालकाचा नाही, आणि पैसे उचलले की त्या वर्षांचा हक्क संपतो. पेन्शनसाठी किमान पाच वर्षांचे हप्ते लागतात. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ही पाच वर्षं मोजताना भारतातल्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली वर्षंही धरता येतात. अर्ज भरायच्या आधी हे विचारून घ्यावं.